वार्सियेमचा हात

नाणं मानेखालून दुसऱ्यांदा ओढलं, तेव्हा त्याच्या मागोमाग कातडीही आली.

वार्सियेमला आधी वाटलं, तेल जास्त झालंय. खोबरेल जास्त झालं की पाठ अशीच चकाकते. तिने ते अंगठ्याने निपटायला पाहिलं, तर अंगठ्यापुढे ते भिजल्या कागदासारखं सरकत गेलं आणि खाली लालभडक ओलं अंग उघडं पडलं. तिने नाणं पाठीवरून उचललं.

"थांबलीस का?" बांबूच्या बाकावर पालथा पडलेला पोनिजो म्हणाला. तोंडभर फोड आल्यामुळे त्याचे शब्द गरम भाताचा घास तोंडात धरून बोलल्यासारखे येत होते.

"दुखतंय का तुम्हाला?"

"तुझा हात आहे. दुखणारच."

हा त्याचा एकतीस वर्षांचा जुना विनोद होता. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तिने पहिल्यांदा नवऱ्याची पाठ ओढली, आणि तेव्हापासून तो गावभर सांगत सुटला होता, की बायकोचा हात एवढा जड आहे की तिला कौलांच्या साच्यावर बसवलं तर दाबयंत्र विकून टाकता येईल. एरवी वार्सियेम यावर चांगलं तोंडसुख घ्यायची.

"थोडं सोललंय," ती म्हणाली.

"सोललं तर सोललं. वारा तर निघू दे."

"नको. पुरे आज."

तिने नाणं तेलाच्या वाटीत ठेवलं नाही. मुठीत धरूनच ती आत गेली आणि तांदळाच्या माठात हात घालून ते पार तळाशी खुपसून आली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

गोदेआन भागातल्या कौलं पाडणाऱ्या त्या गावात ताप येवो, डोकं दुखो, मळमळो, की भांडण होऊन झोप उडो, निदान एकच असायचं. अंगात वारा शिरलाय. उपायही एकच, केरोक. पाठीला तेल लावायचं, नाण्याच्या कडेने मणक्यापासून बरगड्यांकडे तिरप्या रेघा ओढायच्या, लाल वळ उठले की वारा निघाला म्हणायचं. हे घरोघरी कुणीही कुणाचंही करतं. तरी लोक वार्सियेमकडे मुद्दाम येत. तिच्याकडे आईचं नाणं होतं, डचांच्या काळातलं, जाड तांब्याचं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. आणि तिची एक रीत होती. नाणं लावण्याआधी ती उजवा तळवा पाठीवर नुसता ठेवायची आणि थांबायची. समोरच्याचा श्वास तळव्याखाली वर येई, खाली जाई. तिचा श्वास त्याच्याशी जुळला की मगच ती नाणं उचलायची.

घाईच्या गिऱ्हाइकांना याचा कंटाळा येई. "झोपलीस का गं बसल्या बसल्या?" असं टेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकणारी बाई दर वेळी विचारायची. पण त्या थांबण्यातच वार्सियेमला कळायचं, की हिला वाराबिरा काही नाही, सुनेशी वाजलंय. हा येताना वाटेत रडलाय. ही पोटुशी आहे आणि अजून तिचं तिलाच ठाऊक नाही. कळलेलं ती पोटात ठेवायची. तिला स्वतःच्या हाताचा गर्व होता. का नसावा? दुसरं होतं काय तिच्यापाशी?

त्या दिवशीही तिने तळवा ठेवला होता. पाठ जरा गरम लागली, एवढंच. बाकी काही म्हणजे काही कळलं नव्हतं. हे पुढे तिला फार लागलं.

पोनिजोच्या तोंडात लेबारानपासून, म्हणजे रमजान ईदेपासून, फोड होते. तो कौलं पाडायचा. मातीचा गोळा साच्यात घालायचा, वरून दाब द्यायचा, कौल उचलून फळीवर मांडायचं. दिवसाला दोनशे, कधी अडीचशे. संध्याकाळी घरी आला की चहा नाही, गप्पा नाहीत, आधी विहिरीवर अंघोळ. कानामागची, नखांतली माती निघेपर्यंत तो उठत नसे. "दिवसभर मातीत असतो माणूस," म्हणायचा, "घरात तरी माणसासारखं दिसू दे." त्याच्या अंघोळीपायी विहीर आटेल, असं शेजारी चिडवत.

तोंडातले फोड म्हणजे उष्णता, यात कुणालाच शंका नव्हती. गार सरबतं झाली. आरोग्यकेंद्रातलं जांभळं औषध झालं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. ओठांवर काळ्या खपल्या धरल्या, डोळे लाल झाले, जेवण पातळ पेजेवर आलं आणि पेजही डोळ्यांतून पाणी काढू लागली. मग अंग दुखायला लागलं, आणि वार्सियेमने नाणं काढलं.

नाण्यानंतर तिसऱ्या दिवशी छातीवर आणि दंडांवर लिंबाएवढे फोड आले. सेमारांगहून लेक मुर्यानी आणि जावई दार्माजी धावत आले. दार्माजी ट्रकवर काम केलेला, अबोल माणूस. त्याने गाडी ठरवली आणि सासऱ्याला शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं.

तिथल्या कातडीच्या डॉक्टर रेत्नानी मुर्यानीपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पोनिजोला पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि पाठीशी थांबल्या. उघडं पडलेलं अंग वीतभर लांब होतं, तिरपं, मणक्यापासून बरगडीकडे.

"हे कशानं झालं, पाक?" त्यांनी विचारलं. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे पाक म्हणतात, बाईला बू.

वार्सियेमने तोंड उघडलं. तेवढ्यात पोनिजो म्हणाला, "कौलांच्या थप्पीला घासलो."

"कधी?"

"झाले चार दिवस. पाय घसरला."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. पोनिजोने बायकोकडे पाहिलंसुद्धा नाही. वार्सियेमचं तोंड मिटलं ते मिटलंच. आता बोलावं तर नवरा खोटा पडतो, आणि न बोलावं तर कागदावर खोटं लिहिलं जातं. ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्यात का?"

"घेतल्यात," मुर्यानी म्हणाली. "ते कायमच घेतात."

पहिले दहा दिवस सगळा संशय त्या गोळ्यांवर होता. गोळ्या बंद झाल्या, सलाईन लागलं, फोड मात्र वाढत गेले. कातडीचा तुकडा तपासायला गेला, रक्त गेलं, पोटाचे फोटो काढले. एकेक उत्तर यायला आठवडा लागत होता.

आणि वार्सियेम नुसती बसून होती. हे तिने जन्मात केलं नव्हतं. नवऱ्याला ताप आला तर कपाळ चेपावं, पाय ओढावेत, पोट धरावं. इथे बोट लावायची सोय नव्हती. जिथे धरलं तिथे कातडी हातात येई. कूस बदलायला चार माणसं लागत, हातमोजे घालून, चादरीला धरून. चादर अंगाला चिकटून बसे आणि निघताना आपला वाटा घेऊन जाई. पोनिजो ओरडत नसे. तोंडातून आवाज काढायलाही तोंड लागतं, आणि त्याचं तोंड आतून सगळं सोलवटलेलं होतं. तो फक्त डोळे मिटायचा. तो असा डोळे मिटायचा ना, तेव्हा वार्सियेमला वाटायचं, आपले दोन्ही हात मनगटापासून तोडून कुणीतरी घेऊन जावेत.

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको एकदा तिच्यापाशी येऊन बसली. "डोकं फुटतंय गं सकाळपासून. तुझी मुलगी म्हणत होती, तू केरोक करतेस. जरा ओढतेस का मानेवर? नाणं आहे माझ्याकडे."

"मी नाही करत," वार्सियेम म्हणाली.

"मुलगी तर म्हणाली..."

"तिला काय कळतंय? ती सेमारांगला असते."

बाई तोंड वाकडं करून उठून गेली. वार्सियेमने हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

तिच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती. डॉक्टर भलत्याच वाटेने शोधतायत. त्यांना नाण्याचं माहीत नाही, म्हणून औषध लागू पडत नाही. आपण पाठीवरून रेघ ओढली आणि तिथून हे सगळं सुटलं, विणलेल्या चटईची एक पट्टी ओढली की सगळी चटई सुटते तसं. नवरा आपल्यापायी खोटं बोलला आणि त्या खोट्यापायी मरतोय. तीन आठवडे तिने हे गिळून ठेवलं. शेवटी एका सकाळी डॉक्टर रेत्नानी बाहेरच्या सोप्यात एकट्या भेटल्या, तेव्हा तिने त्यांची वाट अडवली.

"बू डॉक्टर, एक खोटं सांगितलंय आम्ही."

"काय झालं?"

"ते कौलांना नाही घासले. मी केरोक केला. नाण्यानं. माझ्या हातानं सोलली त्यांची पाठ." ती एका दमात बोलली. "मला काय करायचं ते करा. पण आता खरं कळलंय तर औषध बदला."

डॉक्टरांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"मला माहीत होतं, बू," त्या म्हणाल्या. "माझी आजीही करायची केरोक. कौलाची जखम अशी तिरपी, सरळ रेघेत येत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण त्यानं काही फरक पडत नव्हता. पहिल्या दिवशी मी त्यांच्या दंडावरच्या चांगल्या कातडीवर अंगठा फिरवला होता. नुसता. आम्ही करतोच ती परीक्षा. माझ्या अंगठ्याखालीही सुटली ती. तुमच्या नाण्यानं काही झालं नाही. कातडी आधीच सुटलेली होती, ती तुम्हाला दिसली एवढंच."

"मग झालं कशानं?"

"कालच फोटो आले. मुलीला बोलावणारच होते मी. पोटात गाठ आहे. खोल, कण्याजवळ. कॅन्सरची. अंगानं त्या गाठीशी लढायला हत्यारं काढली, आणि ती हत्यारं चुकून कातडीवरच चालायला लागली. कातडीचे थर धरून ठेवणारा एक गोंद असतो, तो तोडतायत ती. फार म्हणजे फार थोड्यांना होतं हे. मी याआधी एकच पेशंट पाहिला होता."

"तो बरा झाला?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "गाठीवर औषध सुरू करतोय आम्ही. पण अंगात ते सोसायची ताकद कितपत आहे, बघावं लागेल. आणि फुफ्फुसाच्या आतपण हे पोचलंय, असं वाटतंय."

वार्सियेमला हलकं वाटायला हवं होतं. तीन आठवड्यांचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवलं होतं. पण झालं उलटंच. गुन्हा तिचा होता तोवर निदान काहीतरी तिच्या हातात होतं. कबूल करता येत होतं, माफी मागता येत होती, पुन्हा नाण्याला शिवणार नाही अशी शपथ घेता येत होती. आता कुणाचाच गुन्हा नव्हता. आत एक गाठ होती, ती कुणी पेरली नव्हती, आणि स्वतःचं अंग स्वतःलाच सोलत होतं. याच्यापुढे शपथ घेऊन काय होणार?

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी तिच्या हातावर हात ठेवला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून उठून गेल्या.

उत्तर दिलं सिस्टर एंदांगने. ही वॉर्डातली सगळ्यांत जुनी नर्स, आवाजाने सगळा मजला हलवणारी. तिने वार्सियेमला सोप्यात रडताना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"घरी केळी आहेत का?"

"कुठली?"

"क्लुतुक. बियांची."

"शेजारच्या परसात आहेत."

"मग रडतेस काय? पानं आण. चादर चिकटते, पान चिकटत नाही. जळालेल्या पेशंटना आम्ही पूर्वी पानांवरच झोपवायचो. डॉक्टरांना मी विचारते. कोवळी आण, उलगडून झालेली, फाटकी नकोत. मी वाफ देऊन घेते."

क्लुतुक केळ खायच्या कामाची नाही, एकेका घासात वीस बिया. पण पान मऊ असतं, सहज फाटत नाही, म्हणून सगळं गाव भात बांधायला तेच वापरतं. दुसऱ्या दिवसापासून वार्सियेम पहाटेच्या बसने गावी जाऊ लागली. पानं कापायची, मधला दांडा पातीने तासून सपाट करायचा, पान उन्हात जरा मलूल होऊ द्यायचं, मग धुऊन, पुसून, गुंडाळी करून दुपारपर्यंत रुग्णालयात. शेजाऱ्याने स्वतःची केळ बोडकी होताना बघितली आणि चकार शब्द काढला नाही.

वाफ देऊन आलेल्या पानांना ती खाटेशेजारी बसून तेल लावी. तळव्याने, मधल्या शिरेपासून कडेकडे, एकाच दाबाने. एकदा मुर्यानी बघत उभी राहिली. "आई, पाठ ओढल्यासारखी लावतेयस." वार्सियेमने पाहिलं, तर खरंच.

पोनिजोला पानांवर बरं वाटलं. बरं म्हणजे काय, तर कूस बदलताना तो डोळे मिटेनासा झाला. तेवढ्यावर वार्सियेम आठ दिवस जगली. गाठीवरचं औषध सुरू झालं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं. ताप चढला, श्वास लागला. नाकाला नळी आली. डॉक्टर रेत्नानी दिवसातून तीनदा येत, आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी बोलत.

त्यातल्याच एका दुपारी तो बोलला. मुर्यानी जेवायला गेली होती. एकेका शब्दामागे तो श्वास घेत होता.

"सांगितलंस ना डॉक्टरला?"

"सांगितलं."

"वाटलंच. तुझ्या पोटात काही राहत नाही." गावभराची गुपितं पोटात ठेवणाऱ्या बाईला तो हे म्हणाला.

"तुम्ही का खोटं बोललात?"

त्याने जरा दम घेतला. "लोक म्हणाले असते, हिनं नवऱ्याची पाठ सोलली. उद्या कोण आला असता तुझ्याकडे पाठ घेऊन? मी नसल्यावर करशील काय दिवसभर?"

वार्सियेम तेलाचे हात कमरेच्या सारोंगला पुसत राहिली. चार माणसांनी त्याला सकाळी कुशीवर केलं होतं, पाठ तिच्याकडे होती. आता ती पाठ राहिलीच नव्हती म्हणा.

"हात ठेव जरा," तो म्हणाला. "पाठीवर. नेहमी ठेवतेस तसा."

तिचा उजवा हात उठला. पाठीपासून दोन बोटांवर येऊन तो थांबला. खालची धग तळव्याला लागत होती. एवढं दोन बोटांचं अंतर, आणि ते तिला या जन्मी ओलांडता येणार नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने तो मनगटाशी धरला.

"ठेवलास?"

"ठेवलाय की."

पोनिजोने दोन श्वास घेतले. मग म्हणाला, "हलका झाला गं हात तुझा."

ती तशीच बसून राहिली, हात अधांतरी धरून, मुर्यानी परत येईपर्यंत. हाताला रग लागली, खांद्यात कळ आली. तिने हात खाली घेतला नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमाराला, पोनिजो गेला. श्वासच पुरला नाही. सिस्टर एंदांगने नळ्या काढल्या, अंगावर पानं घातली आणि वर कापड घातलं. तिचा आवाज त्या दिवशी मजल्यावर ऐकू आला नाही.

गाडी गावात पोचली तेव्हा अंगणात सगळं तयार होतं. विहिरीशेजारी कापडाचा आडोसा केला होता, पाण्याचे हंडे भरले होते, पाण्यात फुलं सोडली होती. त्या गावात मयताला फळीवर ठेवून अंघोळ घालत नाहीत. घरची माणसं ओळीने बाकावर बसतात आणि त्याला मांडीवर घेतात. लहानपणी ज्याला मांडीवर न्हाऊ घातलं, त्याला जातानाही तसंच. पण मयतीचं सगळं बघणारे पाक काउम आडोशाच्या आत गेले, कापड उचलून त्यांनी पाहिलं, आणि बाहेर येऊन त्यांनी वार्सियेमला बाजूला घेतलं.

"बू, हे जमायचं नाही. पाणी घातलं, हात लावला, तर कातडी हाताबरोबर येईल. मयताची विटंबना होते त्यानं. धर्मात याला सोय आहे. तयम्मुम करतो मी. स्वच्छ कोरडी माती घ्यायची, तोंडावरून आणि हातांवरून फिरवायची. अंघोळच मानली जाते ती."

"माती?" वार्सियेम म्हणाली.

"स्वच्छ असते."

"पाक काउम, सगळा जन्म मातीत गेला त्यांचा. संध्याकाळी आधी काय करायचे तर अंघोळ. तुम्ही बघितलंय ते, तुमच्याच घराशेजारी विहीर आहे. आणि आता मातीचा हात फिरवून पाठवू?" तिचा आवाज चढला नव्हता. "पाणी नुसतं ओता. कुणी चोळू नका. मांडीवर मी पान घालते."

"तुमच्यानं बसवेल?"

"दुसरं काय केलंय मी महिनाभर? बसलेच आहे की."

पाक काउमनी म्हातारी हनुवटी खाजवली. मग आतल्या माणसांना म्हणाले, "तांब्या नको. बारीक धारेची झारी आणा कुणीतरी."

सकाळी नेहमीप्रमाणे कापून आणलेली पानं पिशवीत होती. त्याच्यासाठीच आणलेली, तेल लावून झालेली. वार्सियेमने ती तिघांच्या मांड्यांवर अंथरली, एकावर एक, तेलाची बाजू वर. डोक्याकडे दार्माजी बसला, पायांकडे मुर्यानी, आणि मधे ती. चौघांनी पोनिजोला अंगाखालच्या पानांसकट उचलून तिघांच्या मांड्यांवर ठेवलं. तो किती हलका झाला होता. दार्माजी हंड्यातल्या फुलांकडे बघत होता.

पाक काउमनी झारी भरली, प्रार्थना पुटपुटली आणि वार्सियेमकडे पाहिलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तिने उजवा हात आपल्या मांडीच्या आणि पानांच्या मधे सरकवला. पान गार होतं. पानाच्या पलीकडे पाठ होती, खांद्यांच्या मधली, तिच्या ओळखीची. तिने बोटं पसरली आणि तळवा पूर्ण टेकवला, सगळ्या जोराने, नेहमी टेकवायची तसा. आता दुखणार नव्हतं.

आणि मग ती थांबली. श्वास तळव्याशी येण्याची वाट बघत थांबली. सवयच होती हाताला. आडोशाबाहेर बायका कुजबुजत होत्या, कुणीतरी खुर्च्या मांडत होतं. पाक काउम झारी धरून उभे होते, त्यांनी घाई केली नाही. तिचा एक श्वास झाला. दुसरा झाला. तिसरा झाला.

"ओता," वार्सियेम म्हणाली.